मुलं किती हलतात? बेळगाव भागातल्या शाळांत प्रश्नावली लावणाऱ्या नवख्यांसाठी

बी.पी.एड., एम.पी.एड., नर्सिंग किंवा फिजिओथेरपी शिकणाऱ्यांना प्रबंधासाठी 'शालेय मुलांची शारीरिक हालचाल' हा विषय फार सोयीचा वाटतो. इंग्रजी प्रश्नावली उतरवून घ्यायची, तिचं मराठी करायचं, दोन शाळांत भरून घ्यायची, गुणांची सरासरी काढायची. मग व्हायव्हाला परीक्षक विचारतात, "हे २.५ म्हणजे दिवसाला किती मिनिटं हो?" आणि गाडी तिथंच अडते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मुलांना कागद देऊन मिनिटं मागू नयेत. कोणतं मूल जास्त हलतं, कोणतं कमी, आणि दिवसाच्या कुठल्या वेळेत हालचाल आटते, एवढं चांगली प्रश्नावली बऱ्यापैकी सांगते. तिच्याकडून तेवढंच घ्यायचं ठरवलं की पुढचे बरेच घोळ टळतात.

मिनिटं का नकोत, त्याला कारण आहे. मोठा माणूस सकाळी अर्धा तास चालतो आणि ते त्याच्या लक्षात राहतं. मूल तसं हलत नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हालचाली शेजारी बसून सेकंदांत टिपल्या होत्या. जोराच्या हालचालीच्या तुकड्याची मध्यक लांबी फक्त ३ सेकंद निघाली, हलक्या आणि मध्यम हालचालीची ६ सेकंद. पळायचं, थांबायचं, भांडायचं, परत पळायचं. याची बेरीज करून आठवड्याची मिनिटं सांगणं सहावीतल्या पोराला कसं जमेल? आपल्यालाही जमणार नाही.

आधी प्रश्न, मग प्रश्नावली

पहिलं काम हे, की तुम्हाला काय शोधायचंय ते एका वाक्यात लिहून काढा. सहसा तीनपैकी एक गोष्ट असते.

किती टक्के मुलं पुरेशी हलतात एवढाच आकडा हवा असेल, तर एका प्रश्नावर भागतं. १३ ते १७ वयोगटासाठीच्या जागतिक शालेय आरोग्य सर्वेक्षणात तो असतो: गेल्या ७ दिवसांत किती दिवस तू मिळून किमान ६० मिनिटं हालचाल केलीस? उत्तर ० ते ७. अशा सर्वेक्षणांच्या आधारेच २०१६ साली जगातल्या ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुलं पुरेशी हलत नाहीत, असा अंदाज निघाला. मुली ८५ टक्के, मुलगे ७८. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेत ५ ते १७ वयासाठी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल सांगितली आहे. प्रश्न दिवस मोजतो, सूचना सरासरी मागते. शनिवार-रविवारी साडेतीन-साडेतीन तास क्रिकेट कुटणारा मुलगा सरासरीत बसतो, पण या प्रश्नात '२ दिवस' लिहून मागे पडतो.

दुसरी गोष्ट तुलनेची. खेळणाऱ्या मुलांचं वजन, झोप किंवा अभ्यास वेगळा असतो का, मुली मुलग्यांच्या मागे कुठे पडतात, असं काही पाहायचं असेल तर पीएक्यू (फिजिकल ॲक्टिव्हिटी क्वेश्चनेअर) घ्या. ही कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात तयार झाली. ८ ते १४ वयासाठी पीएक्यू-सी आणि त्यापुढच्या, हायस्कूलच्या वयासाठी पीएक्यू-ए. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, म्हणून पुढचं बरंचसं लिखाण तिच्याबद्दलच आहे.

तिसरी गोष्ट, दिवस कसा जातो ते पाहणं. त्यासाठी गेल्या तीन दिवसांची अर्ध्या अर्ध्या तासाची तक्त्यावारी असते, सकाळी ७ ते रात्री १२, म्हणजे रोजचे ३४ रकाने. हायस्कूलच्या मुलांना जमते, पण भरून घ्यायला वेळ आणि माणूस दोन्ही लागतं. शिवाय आपल्याकडं अडचण वेगळीच. निपाणी-रायबागकडच्या खेड्यांतलं पोरगं ७ वाजेपर्यंत शेण काढून, धार झाल्यावर डेअरीला दूध घालून आलेलं असतं, आणि तक्ता ७ ला उघडतो. रकाने ५ पासून सुरू करा.

आयपीएक्यू (इंटरनॅशनल फिजिकल ॲक्टिव्हिटी क्वेश्चनेअर) मात्र मुलांना देऊ नका. गूगलवर ती सगळ्यात आधी सापडते म्हणून प्रबंधांत सर्रास दिसते, पण ती १५ ते ६९ वयासाठी आहे आणि नेमकी मिनिटंच विचारते. तिसरीच्या खालच्या मुलांना तर कुठलीच प्रश्नावली देऊ नये. आईवडिलांना विचारता येतं, पण शाळेच्या वेळेत काय झालं ते त्यांना ठाऊक नसतं.

परवानग्या

यात पाल्हाळ नको, पण क्रम चुकवू नका. आधी कॉलेजची नैतिकता समिती, मग बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचं पत्र, मग हेडमास्तर. सरकारी शाळेत एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या) अध्यक्षांना आधीच सांगून ठेवलं तर गावात उगाच चर्चा होत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयात लेखी होकार. पालकांचं पत्र त्यांना वाचता येईल त्या भाषेत द्या. पोराने नको म्हटलं तर नको, पीटी सर कितीही डोळे वटारोत.

जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. खानापूर आणि निपाणी अशा दोन्हीकडच्या शाळा घेणार असाल तर पत्रंही दोन्हीकडची लागतील. हे वेळापत्रकात आधीच धरा.

भाषा

दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, बसून एक करायचं, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मुळाशी ताडून पाहायचं. ही रीत सगळ्या पुस्तकांत सापडेल. माझ्या मते त्याहून मोलाचं काम पुढचं आहे: पाच-सहा मुलांना एकेकटं बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "यात तुला काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग बघू."

तिथं कळतं की 'शारीरिक क्रियाकलाप' वाचून पोरं गप्प बसतात आणि 'व्यायाम' म्हटलं की त्यांना फक्त दंड-बैठका आणि सूर्यनमस्कार आठवतात. पीएक्यूची मूळ प्रस्तावना साधी आहे: घाम येतो, पाय भरून येतात किंवा दम लागतो असे खेळ आणि नाच. तसंच लिहा: 'पळणं, चढणं, उड्या, शिवाशिवी, नाच, ज्याने दम लागतो किंवा घाम येतो ते सगळं.' जड शब्द नकोत.

माध्यमाचंही पाहा. घरी मराठी बोलणारी पण कन्नड माध्यमात शिकणारी मुलं पुष्कळ आहेत, शहरात उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. मूल ज्या लिपीत सराईतपणे वाचतं त्या लिपीतला कागद द्या आणि तोंडी समजावताना घरची बोली वापरा. कन्नड किंवा उर्दू रूप करायचं तर वरची सगळी रीत त्यालाही लागू. मराठी कागद समोर धरून सरांनी वर्गात जागच्या जागी कन्नड करणं हे भाषांतर नव्हे.

खेळांची यादी: खरी मेहनत इथं

पीएक्यू-सीच्या पहिल्या प्रश्नात खेळांची यादी असते आणि प्रत्येकापुढे गेल्या ७ दिवसांत किती वेळा खेळलो त्यावर टिक करायची असते: नाही, १-२, ३-४, ५-६, ७ किंवा जास्त. त्याला १ ते ५ गुण. मूळ यादी कॅनडातली, म्हणून तिच्यात आइस हॉकी आहे, बर्फावरचं स्कीइंग आहे. यादी आपल्या भागाप्रमाणे बदलायला हवी, यावर कुणाचं दुमत नाही. कशी बदलायची यात लोक गडबडतात.

पहिला मोह असतो सगळंच कोंबायचा. खो-खो, कबड्डी, लंगडी, लगोरी, विटी-दांडू, सूरपारंब्या, आट्यापाट्या, फुगडी, झिम्मा, दोरीउड्या, तालीम, मल्लखांब, स्केटिंग, पोहणं, क्रिकेट, फुटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, सायकल, लेझीम, ढोल-झांज... वाचायला छान वाटतं. पण या प्रश्नाचा गुण म्हणजे यादीतल्या सगळ्या खेळांची सरासरी. समजा यादीत २२ खेळ आहेत. मुलगी रोज कबड्डी खेळते, त्याचे ५. तीन-चार वेळा सायकल मारते, त्याचे ३. उरलेल्या २० खेळांना प्रत्येकी १. बेरीज २८, भागिले २२, गुण १.२७. रोज घामाघूम होणारी पोरगी आणि तिचा गुण तळाला! यादी जितकी लांब, तितके सगळे तळाला जाऊन चिकटतात आणि फरक दिसेनासा होतो.

म्हणून आधी ज्या शाळांत जायचंय तिथल्या मुलांना कोऱ्या कागदावर लिहायला लावा: गेल्या आठवड्यात काय काय खेळलास? ज्यांची नावं वारंवार येतात तेवढीच यादीत ठेवा, खाली 'इतर' म्हणून एक-दोन ओळी सोडा. आट्यापाट्या तुम्हाला आवडतो म्हणून घालू नका. पोरं खेळत नसतील तर तो यादीत नुसता भार. आणि एकदा यादी ठरली की ती सगळ्या शाळांना सारखीच ठेवायची. शहरातल्या शाळेला एक यादी, अथणीला दुसरी, असं केलंत तर दोन्हींचे गुण शेजारी मांडता येणार नाहीत.

दुसरी गोष्ट कामाची. एका खेड्यातल्या वर्गात कागद वाटल्यावर मागच्या बाकावरून हळूच प्रश्न आला, "सर, म्हशीमागं गेलेलं लिवू काय?" त्याचा कागद जवळजवळ कोरा होता. शाळा सुटली की म्हशी, मग वैरणीचा भारा, मग विहिरीवरून पाणी. क्रिकेटला वेळ कुठून आणणार? पीएक्यू मोकळ्या वेळेतल्या खेळांबद्दल विचारते, कामाबद्दल जवळजवळ नाहीच. तिच्या हिशेबाने तो मुलगा आळशी ठरतो आणि शहरात संध्याकाळी तासभर बॅडमिंटन कोचिंगला जाणारा चपळ.

यावर कामं पहिल्या यादीत घुसडू नका, नाहीतर तुमचा गुण कुठल्याच दुसऱ्या अभ्यासाशी जुळणार नाही. वेगळं पान जोडा, त्याचा हिशेब वेगळा ठेवा. त्यात एवढं विचारलं तरी पुरे: शाळेत कसा येतोस, चालत, सायकलने, बसने, रिक्षाने की कुणीतरी गाडीवरून सोडतं, चालत असशील तर एका वेळेला किती वेळ लागतो, आणि गेल्या ७ दिवसांत किती दिवस पाणी आणलंस, वैरण कापलीस, जनावरं राखलीस, शेतात काम केलंस. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवरून शाळेत चालत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे एक पान बाकीच्या सगळ्या कागदापेक्षा जास्त सांगून जातं. मात्र बालमजुरीची चौकशी चाललीय असा वास आला तर पालकही आणि शिक्षकही उत्तरं झाकतील. प्रश्न साधे ठेवा आणि संमतीपत्रातच कारण लिहा.

कधी भरून घ्यायची

प्रश्नावली गेल्या ७ दिवसांबद्दल विचारते. म्हणजे ते ७ दिवस शाळेचे आणि नेहमीचे असायला हवेत. पीएक्यू सुट्टीत वापरायची नाहीच, कारण तिचे निम्मे प्रश्न शाळेच्या दिवसावर बेतलेले आहेत.

इथं पावसाची गोष्ट मोठी. जुलै-ऑगस्टात खानापूरच्या पश्चिमेला मैदानावर चिखल असतो, पोरं वर्गात कोंडलेली असतात, अधूनमधून पावसाची सुट्टीही जाहीर होते. त्याच आठवड्यात अथणीकडची मुलं कोरड्या मैदानावर खेळत असतात. एका तालुक्याची माहिती ऑगस्टात आणि दुसऱ्याची डिसेंबरात घेतली, तर तुम्ही मुलांची नाही, पावसाची तुलना केलीत. गणपतीच्या आधी ढोल-झांजांचा सराव सुरू होतो आणि एरवी बसून राहणारी पोरंही तासन्‌तास नाचतात. तो आठवडा टाळा. परीक्षेचा आठवडा टाळा. तालुका क्रीडास्पर्धांचा आठवडाही टाळा. एवढं वगळून बहुतेक वेळा नोव्हेंबर अखेर ते जानेवारी हा काळ उरतो. ऊस पट्ट्यात तेव्हा तोडणी चालू असते, ती कामाच्या पानात दिसेल.

सीमेपलीकडची, चंदगड-गडहिंग्लजची मुलं तुलनेला घेणार असाल तर आणखी एक. आपल्याकडं सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडं दिवाळीला. उन्हाळ्याची सुट्टीही आपली आधी संपते. दोन्हीकडं शाळा भरलेली आहे असा आठवडा कॅलेंडर समोर ठेवूनच निवडा.

शनिवारचंही ठरवून टाका. मूळ प्रश्नात 'गेला वीकेंड' आहे. आपली शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून 'शनिवारी शाळा सुटल्यापासून रविवारी रात्रीपर्यंत' असं स्पष्ट लिहा. कागद सोमवारी किंवा मंगळवारी भरून घेतला तर तो वीकेंड ताजा असतो.

वर्गात

पाऊण तासाचा तास मागून घ्या. पीटी सरांना बाहेर चहाला पाठवा. ते समोर असले की प्रत्येकजण पीटीच्या तासाला 'नेहमी जोरात खेळतो' लिहितो. मुलांना एकेक बाक सोडून बसवा, नाहीतर शेजारच्याचं बघून टिका होतात. प्रश्न तुम्ही वाचायचा, सगळ्यांनी मिळून पुढे जायचं.

आठवण जागी करायला उलटं मोजत जा. काल काय होतं? परवा? रविवारी कुठं गेला होता? बाजार, लग्न, जत्रा, पाऊस, असे टेकू दिले की पोरांना बाकीचं आठवतं. "नेहमी काय करतोस" असं चुकूनही विचारू नका, कारण मग मूल स्वतःबद्दलचं मत लिहितं, आठवडा लिहीत नाही.

शाळेचं वेळापत्रक आधी पाहून ठेवा. पीएक्यू-सीत छोट्या सुट्टीचा आणि जेवणाच्या सुट्टीचा असे दोन वेगळे प्रश्न आहेत. बिसियूटाची (शाळेतल्या मध्यान्ह भोजनाची) रांग, जेवण, ताटं धुणं यात सुट्टी संपत असेल तर तिथला कमी गुण मुलांच्या आळसाचा नाही. पीटीच्या तासाचंही तसंच. दहावीला वेळापत्रकात पीटी असते आणि प्रत्यक्षात तिथं गणित चालतं. एसएसएलसीच्या वर्गात हा प्रश्न म्हणजे शाळेच्याच प्रामाणिकपणाची परीक्षा. पीएक्यू-एमध्ये छोट्या सुट्टीचा प्रश्न गाळलेला आहे, त्यामुळे गुणांचे प्रश्न तिथं ९ ऐवजी ८.

कागद गोळा करताना तिथल्या तिथे चाळा. सुटलेल्या टिका त्याच वेळी भरून घेता येतात, घरी गेल्यावर नाही. आणि गैरहजर मुलांसाठी दुसऱ्या दिवशी परत जा. त्या दिवशी न आलेली मुलं बऱ्याचदा आजारी किंवा कामावर असतात. त्यांना सोडलं तर तुमचा नमुना आपोआप सुखवस्तू होतो.

गुण कसे काढायचे

पीएक्यू-सीत १० प्रश्न, त्यातले ९ गुणांचे, प्रत्येकी १ ते ५. दहावा प्रश्न 'आजारी होतास का, कशामुळे खेळता आलं नाही का' असा असतो. त्याला गुण नाही, पण ज्यांनी 'हो' लिहिलंय त्यांचे कागद वेगळे काढून पाहावेत.

वरचीच कबड्डीवाली मुलगी घ्या. यादीचा गुण १.२७. पीटी ४, छोटी सुट्टी ३, जेवणाची सुट्टी २, शाळा सुटल्याबरोबर ३, संध्याकाळ २, वीकेंड ३, 'स्वतःचं वर्णन' २. नवव्या प्रश्नात सातही दिवसांचे वेगळे गुण असतात: २, ३, ३, २, ४, ३, २. बेरीज १९, भागिले ७, म्हणजे २.७१. आता नऊ गुणांची बेरीज २२.९८, भागिले ९. उत्तर २.५५.

हे २.५५ म्हणजे मिनिटं नव्हेत, कॅलरीही नव्हेत. '२.५ च्या खाली म्हणजे निष्क्रिय' अशी रेघ परदेशी शोधनिबंधातून उचलून आपल्या पोरांवर ओढू नका. यादी बदलली तिथंच ती रेघ निकामी झाली. गटांची तुलना करा, आणि एकूण गुणापेक्षा प्रश्नवार सरासरी नीट पाहा. खरा मसाला तिथं असतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर सुटलं असेल तर काय करायचं ते कागद हातात येण्याआधी लिहून ठेवा, नंतर नाही.

भरवसा किती

भाषांतर केलंय तर ते टिकतं का हे दाखवावं लागतं. एका वर्गाकडून आठवड्याने परत भरून घ्या आणि दोन्ही वेळचे गुण ताडा. पण एक ध्यानात असू द्या, दरम्यान आठवडाच बदललेला असतो. गुण हलला तर दोष स्मरणशक्तीचाच असेल असं नाही, पोरगं खरोखरच कमी खेळलं असेल.

जमलं तर थोड्या मुलांच्या कमरेला ७ दिवस ॲक्सेलरोमीटर (हालचाल नोंदवणारं छोटं यंत्र) बांधा. तो नसेल तर पावलं मोजणारं साधं यंत्रही चालेल. प्रश्नावलीचा गुण आणि यंत्राचा आकडा यांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) ०.३ ते ०.४ च्या आसपास आला तर घाबरू नका. मुलांच्या प्रश्नावल्या जगभर साधारण तिथंच घोटाळतात. ०.८ आला तर मात्र डेटा परत तपासा. कमरेचं यंत्रही सगळं पाहत नाही. सायकल, पोहणं आणि डोक्यावरचा वैरणीचा भारा त्याला नीट कळत नाही, आणि आपल्याकडं नेमकं तेच जास्त.

काम संपलं की शाळेला एक पान द्या, तिच्या माध्यमाच्या भाषेत, मुलांची नावं न घालता. वर्गवार, मुलं-मुली वेगळे, प्रश्नवार. आठवीच्या मुलींचा गुण छोट्या सुट्टीत मुलग्यांइतकाच आहे आणि शाळा सुटल्यानंतर एकदम घसरतो, असं दिसलं, तर हेडमास्तरांना मैदान अर्धा तास उशिरा बंद करायचं का, आणि त्या मुलींची शेवटची बस किती वाजता आहे, हे दोन प्रश्न लगेच विचारता येतात.